घराचें अस्तर

१८३४ सालीं मुंबईच्या बंदरांत एक अपूर्व माल उतरला. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या आसपासचीं तळीं हिवाळ्यांत गोठून जातात. त्यांवरून कापून काढलेला तो बर्फ होता. वैशाखांत होरपळणाऱ्या मुंबईकरांना बर्फ ही वस्तु ऐकून ठाऊक होती. हातांत घेऊन पाहण्याचा योग तेव्हां आला. जमशेटजी जीजीभाई यांनीं घरच्या मेजवानींत पाहुण्यांपुढें बर्फाचे थंड पदार्थ ठेवले, आणि त्यानंतर यजमान व पाहुणे या उभयतांना पडसें झाल्याचें वृत्त वर्तमानपत्रानें छापलें, अशी नोंद मुंबईच्या जुन्या इतिहासांत आढळते.

या हकीकतीचें हसूं येतें. पण तिच्या मागचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. सुएझचा कालवा त्या वेळीं नव्हता. बोस्टनहून निघालेलें शिडाचें गलबत आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानांत यावयास चार महिने लागत, आणि वाटेंत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. थंडी निर्माण करणारें कोणतेंही यंत्र गलबतावर नसे. मग तो बर्फ टिकला कसा? याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर तें 'भुसा' असें आहे. लांकडाच्या गिरणींत करवतीखालीं सांचणारा, एरव्हीं कोणी फुकटही न नेणारा भुसा!

कोटाला जसें अस्तर, तसें घरालाही अस्तर असतें. बाहेरची उष्णता आंत येऊं न देणारा, किंवा आंतली ऊब बाहेर जाऊं न देणारा जो पदार्थ भिंतींत व छपरांत भरतात, तें घराचें अस्तर. आज बाजारांत त्याचे अनेक प्रकार मिळतात, आणि नवें घर बांधणाऱ्या गृहस्थाला त्यांतील कोणतें घ्यावें हा प्रश्न पडतो. या प्रश्नाचें उत्तर विक्रेत्याच्या पत्रकापेक्षां इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें. कारण अस्तर निवडतांना मनुष्य काय पाहतो आणि काय पाहावयाचें विसरतो, याचा दोनशें वर्षांचा हिशेब तेथें मांडून ठेवलेला आहे.

त्या बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हा बोस्टनचा राहणारा. १८०६ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें सुमारें १३० टन बर्फ वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर नेला. गांवानें त्याला वेड्यांत काढलें. बर्फ बेटावर पोंचला खरा. परंतु तेथें तो ठेवावयास योग्य जागाच नव्हती, आणि थोड्याच आठवड्यांत भांडवलाचें अक्षरशः पाणी झालें. पुढें कर्जापायीं त्याला तुरुंगही पाहावा लागला. तथापि त्यानें धंदा सोडला नाहीं. हवाना येथें बर्फघर बांधून तो वितळलेल्या पाण्याचें तासातासाचें माप घेऊं लागला, आणि कोणत्या उपायानें पाणी कमी ठिबकतें तें ताडून पाहूं लागला. अशा रीतीनें अनुभवाच्या शाळेंत शिकून १२ मे १८३३ रोजीं त्यानें 'टस्कनी' नांवाचें गलबत १८० टन बर्फ भरून कलकत्त्याकडे हांकारलें. सप्टेंबरांत तें हुगळींत शिरलें तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शाबूत होता. पुढें कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें बर्फघरें उभीं राहिलीं. मद्रासचें बर्फघर आजही समुद्रकिनाऱ्यावर उभें आहे. १८९७ सालीं पाश्चात्त्य देशांतून परत आल्यावर स्वामी विवेकानंद याच वास्तूंत राहिले होते.

बर्फ सांठविण्याची युक्ति पाहिली तर ती साधी दिसते. फळ्यांच्या दुहेरी भिंती. त्यांच्या मधल्या पोकळींत भुसा किंवा झाडाच्या सालीचा चुरा. आणि वितळलेलें पाणी ताबडतोब वाहून जाईल अशी वाट. ही शेवटची गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भुसा भिजला कीं त्याचा गुण गेला, हें या धंद्यांतील माणसांना शास्त्रज्ञांनीं सांगावें लागलें नाहीं.

भुशाच्या अंगीं हा गुण आला कोठून, तें मात्र शास्त्रज्ञांनीं याच्या चाळीस वर्षें आधीं शोधून ठेवलें होतें. बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड हा जन्मानें अमेरिकन, पण बव्हेरियाच्या दरबारीं सैन्याची व्यवस्था पाहणारा अधिकारी होता. शिपायांच्या कपड्यांना कोणतें कापड घ्यावें, असा अगदीं व्यवहारी प्रश्न त्याच्यापुढें होता. त्यानें उष्णतामापकाचा गोळा एका मोठ्या कांचेच्या गोळ्यांत बसविला आणि मधल्या जागेंत आळीपाळीनें रेशीम, लोकर, कापूस, सशाचे केंस, पक्ष्यांचीं मऊ पिसें हीं भरून पाहिलीं. तें उपकरण उकळत्या पाण्यांत तापवून बर्फांत बुडवावयाचें, आणि पारा खालीं उतरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर मोजावयाचें. नुसती हवा असतांना जितका वेळ लागे, त्याच्या दुपटीहून अधिक वेळ सशाचे केंस किंवा मऊ पिसें भरल्यावर लागला. ही आश्चर्याची गोष्ट होती. कारण भरलेल्या पदार्थानें त्या जागेचा फारच थोडा भाग व्यापला होता, बाकी सर्व हवाच होती. यावरून रम्फर्डनें जें अनुमान काढलें तें १७९२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केलें. ऊब लोकरीच्या अंगीं नसते. लोकरीनें कोंडून धरलेल्या हवेच्या अंगीं असते. मोकळी हवा हलते आणि हलतांना उष्णता वाहून नेते. तीच हवा बारीक बारीक कप्प्यांत अडकविली कीं तिच्यासारखा रोधक दुसरा नाहीं.

हें तत्त्व मराठी घराला अपरिचित नाहीं. दुलई जुनी होऊन तिच्यांतील कापूस दबला म्हणजे ती थंडीला पुरत नाहीं, आणि पिंजाऱ्याकडून तोच कापूस पिंजून आणला कीं ती पुन्हां उबदार होते. कापूस तोच, वजन तेंच. वाढली ती फक्त आंतली हवा. उलटपक्षीं दुलई भिजली तर तिची ऊब नाहींशी होते; कारण पाण्यांतून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक सुलभतेनें जाते. आजच्या मोजमापानें पाहिलें तर विटेंतून ती स्थिर हवेच्या सुमारें पंचवीस ते तीसपट, आणि काँक्रीटमधून साठपटीच्या आसपास जाते. खनिज तंतूंच्या लोकरीचा दोन इंच थर जितकी उष्णता अडवितो, तितकी अडविण्यास काँक्रीटची भिंत सहा फुटांहून जाड बांधावी लागेल. अस्तराचा सारा महिमा एवढ्या एका हिशेबांत आहे.

या तत्त्वाची कसोटी लागली ती दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर. अस्तर चुकलें तर पुढच्या वर्षीं दुरुस्त करूं, असें म्हणण्याची सोय तेथें नसते. १९०२ सालीं कॅप्टन स्कॉट यानें तेथें जी पहिली झोंपडी उभारली, ती ऑस्ट्रेलियांत तयार करून नेलेली होती, आणि तिचा घाट त्या उष्ण देशांतील बंगल्याचा होता. तिला भोंवतीं पडवीसुद्धां होती! जेथें हिवाळ्यांत चार महिने सूर्यच उगवत नाहीं, तेथें उन्हाच्या सावलीसाठीं पडवी! ती झोंपडी कांहीं केल्या उबदार होईना. अखेर मंडळी बर्फांत अडकलेल्या आपल्या जहाजावरच राहिली, आणि झोंपडीचा उपयोग सामान ठेवण्याकडे व नाटकें करण्याकडे झाला. १९०८ सालीं शॅकल्टन यानें आपल्या पंधरा माणसांच्या झोंपडीच्या भिंतींत बुचाचे दाणे भरले. पुढें १९११ सालीं स्कॉटनें केप इव्हान्स येथें पन्नास फूट लांब व पंचवीस फूट रुंद झोंपडी बांधली, तेव्हां पहिल्या चुकीपासून घेतलेला धडा पुरतेपणीं उपयोगांत आणला. भिंतींना आंतून व बाहेरून दुहेरी फळ्या, आणि त्यांच्यामध्यें वाळलेलें समुद्री गवत भरून शिवलेल्या गोधड्या. बाहेर पारा गोठविणारी थंडी असतांना पंचवीस माणसें त्या घरांत वाचन, लेखन, व्याख्यानें व शास्त्रीय प्रयोग करीत हिवाळाभर राहिलीं. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी ती झोंपडी तेथें उभी आहे.

समुद्री गवताची ही गोधडी हें त्या काळच्या सुज्ञ निवडीचें उत्तम उदाहरण होय. असें गवत सहसा कुजत नाहीं, उंदीर त्याला तोंड लावीत नाहींत, आणि तें भराभर पेट घेत नाहीं. बोस्टनमध्यें १८९० नंतर अशा गोधड्या कारखान्यांत तयार होऊं लागल्या. परंतु १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत अटलांटिकच्या किनाऱ्यांवरील त्या गवतावर रोग पडून त्याचीं कुरणेंच्या कुरणें नाहींशीं झालीं. तोंवर यंत्रयुगानें नवे पदार्थ पुढें आणले होते. लोखंडाच्या भट्टींतील वितळलेल्या मळीवर वाफेचा झोत सोडला कीं तिचे कापसासारखे तंतु होतात, हें एकोणिसाव्या शतकांतच कळून चुकलें होतें. १९३२ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत वितळलेल्या कांचेवर दाबलेल्या हवेचा झोत अकस्मात् पडून बारीक तंतु उडाले, आणि त्यांतून कांचेची लोकर जन्माला आली. मळीची लोकर, कांचेची लोकर, बुचाच्या फळ्या, उंसाच्या चिपाडांच्या फळ्या असे नाना पदार्थ बाजारांत आले. सर्वांची जाहिरात एकच : आमचें अस्तर अधिक उष्णता अडवितें. घेणाराही तेवढेंच विचारी.

येथून या इतिहासाची काळी बाजू सुरू होते.

ॲस्बेस्टॉस हा दगड मोठा विलक्षण आहे. तो उकलला कीं त्याचे रेशमासारखे धागे निघतात, ते कांतून वस्त्र विणतां येतें, आणि तें वस्त्र अग्नींत जळत नाहीं. वाफेचीं यंत्रें आल्यावर तापलेल्या नळांना व बाष्पपात्रांना गुंडाळण्यास याहून उत्तम पदार्थ सुचणें कठीण होतें. तो जळत नाहीं, कुजत नाहीं, त्याला कीड लागत नाहीं, आणि तो स्वस्त. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं ऑस्ट्रियांतील हाचेक यानें तो सिमेंटमध्यें मिसळून पत्रे काढण्याची रीति बसविली, आणि ते पत्रे जगभर घरांवर व शाळांवर चढले. पूर्वींच्या पदार्थांचे सर्व दोष यानें दूर केले असें सर्वांस वाटलें. पण एका प्रश्नाचें उत्तर कोणीं मागितलेंच नव्हतें. याची धूळ जो श्वासावाटे घेतो त्याचें काय होतें?

तें उत्तर मजुरांच्या फुप्फुसांनीं दिलें. १९२४ सालीं इंग्लंडमधील रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम केलेली एक तरुण स्त्री मृत्यु पावली. डॉक्टर कुक यांनीं तिच्या फुप्फुसांची तपासणी करून तिचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. १९३० सालीं मेरवेदर व प्राइस या दोघां सरकारी तज्ज्ञांनीं कारखान्यांची पाहणी करून दोष धुळीचाच असल्याचें सिद्ध केलें, आणि १९३१ सालीं ब्रिटनमध्यें त्यासाठीं नियम झाले. ते नियम कारखान्यापुरते होते. घरें बांधणारांना त्यांचा स्पर्शही झाला नाहीं. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वैद्यांनीं दाखवून दिलें कीं, खाणींत काम न करतां केवळ जवळपास राहिलेल्या माणसांनाही छातीच्या आवरणाचा एक दुर्धर कर्करोग होतो. १९६४ सालीं डॉक्टर सेलिकॉफ यांनीं न्यूयॉर्कच्या परिसरांत नळांना व इमारतींना अस्तर लावणाऱ्या कामगारांचाच अभ्यास प्रसिद्ध केला, आणि फुप्फुसांच्या कर्करोगानें त्यांचा किती मोठा बळी घेतला तें जगापुढें आलें. या रोगाचें कपट असें कीं, धूळ आज घ्यावी आणि रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनीं दिसावा. मधल्या काळांत सर्व कांहीं ठीक आहे असें वाटतें. ब्रिटननें या पदार्थावर संपूर्ण बंदी घातली ती १९९९ सालीं. रॉचडेलच्या त्या मृत्यूपासून या बंदीपर्यंत पाऊणशें वर्षें गेलीं. भारतांत १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा कामगारांचें आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे मात्र येथें अजून विकले जातात. ज्यांच्या घरावर जुने पत्रे आहेत त्यांनीं ते स्वतः फोडूं नयेत, त्यांना भोंकें पाडूं नयेत, आणि त्यांचा चुरा कोरड्या झाडूनें झाडूं नये, एवढें तरी ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

एका चुकीनें मनुष्य शहाणा होतो म्हणावें, तर तसेंही झालें नाहीं. अमेरिकेंतील माँटाना संस्थानांत लिबी नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील खाणींतून व्हर्मिक्युलाइट नांवाचें अभ्रकाच्या जातीचें खनिज निघे. तें तापविलें कीं लाह्यांसारखें फुगतें, आणि त्या हलक्या लाह्या माळ्यावर ओतल्या कीं अस्तर तयार. अमेरिकेंतील लाखों घरांच्या माळ्यांवर त्या पडल्या. पण खाणींतील त्या खनिजांत ॲस्बेस्टॉसचे तंतु मिसळलेले होते. खाण १९९० सालीं बंद झाली; परंतु खाणीवर कधींही पाऊल न ठेवलेलीं बायकामुलें आजारी पडत राहिलीं, आणि २००९ सालीं सरकारला त्या गांवीं सार्वजनिक आरोग्याचें संकट जाहीर करावें लागलें.

१९७३ सालीं खनिज तेलाच्या किमती एकाएकीं कडाडल्या. थंड देशांत घर तापविण्याचा खर्च परवडेना, आणि सरकारेंच अस्तर घाला म्हणून पैसे देऊं लागलीं. कानडा देशांत जुन्या घरांच्या भिंतींना भोंकें पाडून आंत एक रासायनिक फेंस भरण्याची पद्धति पडली. फेंस वाळून घट्ट होई आणि काम एका दिवसांत उरके. परंतु त्यांतून फॉर्माल्डिहाइड नांवाचा डोळ्यांना व घशाला झोंबणारा वायु घरांत पसरूं लागला, आणि १९८० च्या डिसेंबरांत सरकारनें त्या फेंसावर बंदी घातली. सरकारनें पैसे देऊन जें घालावयास लावलें, तेंच काढून टाकण्याची पाळी गृहस्थांवर आली. घाई झाली म्हणजे मनुष्य एकच प्रश्न विचारतो, याचें हें प्रत्यंतर.

पुढें प्लॅस्टिकचे हलके फेंस आले. यांतील कित्येकांची रोधशक्ति लोकरीहूनही सरस आहे. परंतु ते मूळचे खनिज तेलाचे पोटचे. अग्नीशीं त्यांचें नातें जवळचें. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही १९७४ सालीं पुरी झालेली चोवीस मजली इमारत. गरीब व मध्यम स्थितींतील कुटुंबें तींत राहत. ती उबदार व्हावी आणि दिसावयासही बरी व्हावी म्हणून २०१६ पर्यंत तिला बाहेरून नवें आच्छादन चढविण्यांत आलें : आंत फेंसाचें अस्तर आणि त्यावर प्लॅस्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. १४ जून २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरांत आग लागली. ती खिडकींतून बाहेरच्या आच्छादनाला भिडली आणि थोड्याच वेळांत माथ्यापर्यंत चढली. बहात्तर माणसें प्राणास मुकलीं. आग पसरण्याचें मुख्य कारण त्या पत्र्यांचा गाभा होता, आणि मागच्या फेंसानेंही तींत भर घातली, असें चौकशींत ठरलें. चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. माल विकणारांनीं त्याच्या अग्निपरीक्षांविषयीं दिशाभूल केली होती, आणि हे सर्व मृत्यु टाळतां येण्याजोगे होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. घर उबदार करण्यासाठीं चढविलेलें वस्त्रच चितेचें सरण झालें!

याचा अर्थ अस्तर नकोच, असा नाहीं. नव्या पदार्थांविषयीं सरसकट भय बाळगावें, असाही नाहीं. कांचेच्या व दगडाच्या लोकरीवरही कर्करोगाचा संशय होता. परंतु दीर्घ तपासणीनंतर २००१ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें घरांच्या अस्तरासाठीं वापरल्या जाणाऱ्या या लोकरींना संशयितांच्या यादींतून वगळलें. त्या जळत नाहींत. लावतांना त्वचा व घसा खाजवितात, म्हणून तोंडाला फडकें व हातांत मोजे घालून काम करावें लागतें, एवढेंच. ज्याची चौकशी झाली त्या पदार्थावर विश्वास ठेवावा, ज्याची टाळली गेली त्यावर ठेवूं नये, हाच विवेक.

आतां महाराष्ट्राकडे वळावयाचें तर प्रश्नाचें रूप थोडें बदलतें. येथें ऊब आंत राखावयाची नसून ऊन बाहेर ठेवावयाचें आहे. खानदेश व मराठवाड्यांतील धाब्याचीं घरें हें यावरचें जुनें उत्तर होय. जाड भिंती, वर तुळया व फळ्या, आणि त्यांवर चोपून बसविलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. माती उष्णता अडविते त्यापेक्षां ती थोपवून धरते. दुपारचें ऊन आंतल्या बाजूस पोंचेपर्यंत रात्र पडते, आणि तोंवर घरचीं माणसें धाब्यावर उघड्या आभाळाखालीं झोंपावयास गेलेलीं असतात. हें अस्तर जळत नाहीं, त्याच्यापासून विषारी वायु निघत नाहीं. मात्र दर पावसाळ्यापूर्वीं त्याची डागडुजी चुकत नाहीं. गवतानें शाकारलेलें छप्पर कोंडलेल्या हवेमुळें याहूनही थंड, पण एक ठिणगी त्याला पुरते.

शहरांतील काँक्रीटच्या छपरानें हे दोन्ही गुण गमावले. चार-पांच इंचांचा तो थर दिवसभर तापतो आणि दिवेलागणीपासून तीच उष्णता घरांत सोडूं लागतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला हें सांगावयास नको. रात्रीं दहा वाजतां पंखा जी हवा खालीं ढकलतो ती याच छपराची. म्हणून आपल्या हवेंत पहिला खर्च भिंतींवर नव्हे, छपरावर करावा. आधीं ऊन परतवावें : गच्चीला पांढरा लेप द्यावा किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी करावी. मग अस्तर घालावें, आणि तें छपराच्या खालून न घालतां वरून घालावें, म्हणजे काँक्रीट मुळांत तापतच नाहीं. विटांच्या तुकड्यांचा कोबा हें याचें जुनें व माफक रूप. त्याहून अधिक हवें असल्यास पाणी न पिणाऱ्या फेंसाच्या फळ्या घालून त्यांवर काँक्रीटचा थर द्यावा, म्हणजे ऊन, पाऊस व आग या तिहींपासून त्या सुरक्षित राहतात. केंद्र सरकारनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं जी 'इको-निवास संहिता' काढली, तींतही छपरांतून किती उष्णता यावी याला स्वतंत्र मर्यादा घातली आहे. कोंकणांत व मुंबईंत जेथें खिडक्या दिवसभर उघड्या असतात, तेथें भिंतींच्या अस्तरापेक्षां खिडकीवरचा छज्जा व घरांतून खेळणारा वारा अधिक उपयोगी पडतो. यंत्रानें गार केलेल्या बंद खोलीला मात्र भिंतीचें अस्तरही लाभतें. पण तेथें बाहेरची ओलसर हवा अस्तरांत शिरून थंड पृष्ठभागावर पाणी सोडते, म्हणून ती अडविणारा पडदा अस्तराच्या बाहेरच्या अंगास हवा. भुसा भिजला कीं गुण गेला, हा ट्यूडरच्या कोठारांतील धडा येथेंही लागू आहे.

सारांश, अस्तर निवडणारानें एक नव्हे, चार प्रश्न विचारावे. हें हवा किती घट्ट कोंडून धरतें? हें भिजलें तर वाळेल कसें? यास आग लागली तर ती किती वेगानें व कोणीकडे धांवेल? आणि हें लावणाऱ्या मजुरानें व याखालीं झोंपणाऱ्या मुलानें श्वासावाटे काय घ्यावयाचें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुकानदार न विचारतां देतो. उरलेल्या तिहींचीं उत्तरें लेखी मागावीं, आणि तीं देण्यास जो टाळाटाळ करील त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी परत पाठवावा.

घराचें अस्तर एकदां भिंतींत गेलें कीं डोळ्यांआड होतें. डोळ्यांआड झालेल्या वस्तूची विचारपूस कोणी करीत नाहीं. म्हणून ती आंत जाण्यापूर्वींच करावयाची असते. रॉचडेल, लिबी व लंडन येथील माणसांना ही विचारपूस करण्याची संधि कोणीं दिली नाहीं. नवें घर बांधणाऱ्याला ती आहे.